मी नव्हतो ती दुपार

तोंडात कापसाचे बोळे असले की माणसाची हाक निम्मी घशातच राहते. तरी खुर्चीत आडव्या पडलेल्या त्या मुलीने मारलेली हाक मला स्वच्छ ऐकू आली. ‘अय्या, रेडिओकाका!’ मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी दात करतो. कवळ्या, कॅपा, एखाददुसरा सुटा दात. पेशंटशी माझा संबंध येतो तो असा, कधीमधी, डॉक्टरबाईंनी रंग जुळवायला पुढे बोलावलं की. नमुन्याच्या दातांची पट्टी ओठाशी धरायची, खिडकीच्या उजेडात बघायचं आणि परत जायचं. बोलावं लागत नाही म्हणून मला हे काम आवडतं. मुलीचा पुढचा दात अर्धा तुटला होता. तिने बोळे जिभेने बाजूला सारले आणि म्हणाली, ‘ओळखलं नाहीत? आपण एकाच ग्रुपमध्ये होतो, वरच्या तळ्यांना! मी शाळेत गणित शिकवते बघा. तुम्ही माझा बूट शिवून दिला होतात.’ बूट मला आठवला. तळवा सुटलेला, निळ्या नाड्यांचा. चेहरा काही आठवला नाही. ‘बरे आहात ना आता? आम्ही सगळे इतके घाबरलो होतो. आणि काकू? काय हसत होत्या हो त्या दुपारी, तुमच्या एकेका वाक्याला! आणि मग संध्याकाळी इतक्या रडल्या बिचाऱ्या की—’ ‘आ करा,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. मुलीने आ केला. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून हसल्या. ‘रेडिओ? आमचे काका? अहो, यांच्या तोंडून “हो” काढायचं तरी मला चिमटा लागतो.’ मी पट्टी धरली, रंग बघितला, आणि माझ्या खोलीत परत आलो तेव्हा लक्षात आलं की कुठली छटा ते मी विसरलो आहे.

असं आधी कधी झालं नव्हतं. माझ्या खोलीला खिडकी आहे, पण ती समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. ओट्यावर प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात, वरचे वेगळे, खालचे वेगळे, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने केलेली खूण. मेणाचा वास, स्पिरिटचा दिवा, घासायच्या मोटरची घरघर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं भरलं, लेकीचं शिक्षण झालं, लग्नही झालं. दिवसभर इतकी तोंडं समोर आणि एकही बोलत नाही, यापेक्षा सुखाची नोकरी मला ठाऊक नाही. त्या दिवशी मात्र ते सगळे जबडे काहीतरी माहीत असून गप्प बसल्यासारखे वाटायला लागले. काय हसत होत्या. मी मेण तापवलं, ते जळून काळं पडलं, टाकून दिलं, पुन्हा तापवलं. बायको हसताना मला आठवत नव्हती असं नाही. हसते ती, लेकीशी फोनवर, शेजारणीशी, टीव्हीवर कुणी घसरून पडलं तर. पण माझ्या वाक्याला? माझं वाक्य म्हणजे काय, ‘येतो’, ‘आलो’, ‘मीठ’. मीठ या शब्दाला कुणी पोट धरून हसेल असं नाही. आणि हसून झाल्यावर ती रडली, इतकी रडली की परकी मुलगीसुद्धा ते विसरली नाही. मला यातलं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं. ती दुपार माझ्याजवळ नाही. बाकीच्या सगळ्यांजवळ आहे, माझ्याजवळच नाही.

त्या ट्रेकमधलं मला काय आठवतं आणि काय नाही, हे मी जिभेने पडलेल्या दाताची जागा चाचपावी तसं पुष्कळदा चाचपून पाहिलं आहे. हौस बायकोची होती. लेक सासरी गेल्यावर घरात तिला ऐकायला कुणी उरलं नाही. कुठल्याशा कॅलेंडरवर तिने ती तळी पाहिली, डोंगरांच्या कुशीत एकावर एक, शेवटच्यात उन्हाळ्यातही बर्फ तरंगतं म्हणे. ‘जन्मात एकदा तरी,’ ती म्हणाली. मी ‘बरं’ म्हटलं. ती पाण्याच्या भरलेल्या बाटल्या पाठपिशवीत घालून इमारतीचे जिने चढायची-उतरायची, लिफ्टमधले लोक तिच्याकडे बघायचे, आणि मी मागून रिकाम्या हाताने चढायचो. खरं सांगायचं तर वर गेल्यावर मलाच ते जास्त मानवलं. चढावर कुणी बोलत नाही. सगळ्यांचाच श्वास कमी पडतो, आणि माझा जन्मभराचा स्वभाव तिथे शहाणपणा ठरतो. आधी झाडं, उंच, काळपट, त्यांच्या खाली सुयांचा मऊ थर. मग झाडं संपली आणि गुडघाभर फुलांचं गवत लागलं, खेचरांच्या गळ्यातल्या घंटा, ओल्या तंबूंचा वास. मग फुलंही संपली. पहिलं तळं दिसलं ते लहानसं, बाटलीच्या बुडासारखं हिरवं, त्याच्या काठी सगळ्यांनी आरडाओरडा केला आणि ती माझ्याकडे वळून बघत राहिली. मी काहीतरी म्हणावं अशी तिची अपेक्षा असावी. मी म्हटलं, ‘पाणी गार असेल.’ ती म्हणाली, ‘असेल.’ खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामावर माझं डोकं दुखायला लागलं, कानामागून सुरू होऊन डोळ्यांपर्यंत. मी सांगितलं नाही. डोकं दुखतंय हे सांगायचं तरी बोलावंच लागतं, आणि मग सतरा जण चौकशी करतात. सकाळी खिंड चढायला लागलो. समोरच्या बुटाची टाच, टाचेला चिकटलेलं गवताचं वाळकं पातं, दगड, पुन्हा टाच. टाच उचलली गेली, आणि त्याच्यापुढे पत्र्याचं छत आहे. तोंडावर रबराचा मास्क, नाकात औषधाचा वास, शेजारी स्टुलावर ती, हात मांडीवर एकात एक. खालच्या गावातल्या छोट्या दवाखान्याचा डॉक्टर म्हणाला, मेंदूला सूज आली होती, थोडक्यात वाचलात. पाठीवरून, मग खेचरावरून, मग जीपमधून आणलं म्हणे मला. मी मास्क सरकवून विचारलं, ‘शेवटचं तळं बघितलं का मी?’ ‘बघितलंत,’ ती म्हणाली आणि मास्क परत तोंडावर बसवला.

तेव्हापासून आमच्या घरात काहीतरी बिनसलं. भांडण असतं तर मला कळलं असतं. आमची भांडणं एकतर्फी असतात, ती बोलते, मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो, ती दमते, मग चहा होतो. तसं काही नाही. ती माझ्याशी पाहुण्यासारखी वागायला लागली. औषधं वेळेवर, जेवण गरम, उशीला धुतलेला अभ्रा, आणि माझ्यावर ओरडणं साफ बंद. ओल्या पायांनी फिरलो तरी नाही, टॉवेल पलंगावर टाकला तरी नाही. आधी ती ओरडायची त्यात संसार चालू असल्याची खूण होती, हे मला ती थांबल्यावर समजलं. संध्याकाळी मी बेल वाजवली की दार उघडून क्षणभर माझ्याकडे बघते आणि मग बाजूला होते. त्या क्षणभरात तिच्या चेहऱ्यावर काय असतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण ते बघायला लागू नये म्हणून मी काही वेळा किल्लीने दार उघडून आत गेलो. आणि मग एके दिवशी भांडी लावता लावता तिने सांगितलं, ‘मी लेकीकडे जाऊन राहते जरा.’ ‘किती दिवस?’ ‘बघू.’ लेक राहते ते शहर पुष्कळ लांब आहे, तिथे कुणी ‘जरा’ जात नाही. तिने फक्त जायचं तिकीट काढलं. परतीचं विचारलं तर म्हणाली, तिकडून काढेन. गाडी आता उद्या सकाळवर आली होती. मी इतके दिवस स्वतःची समजूत घालत होतो की आईला लेकीची ओढ असते. त्या मुलीने तोंडातले बोळे सारून ही समजूत काढून घेतली. मी त्या दुपारी बोललो होतो. मी, जो बोलत नाही, तो बोललो होतो, आणि माझी बायको आधी हसली होती, मग रडली होती, आणि आता घर सोडून चालली होती.

काय बोललो असेन? ज्याचं झाकण जन्मभर घट्ट बसलेलं आहे, ते उडालं तर आतून काय बाहेर येईल याची मला कल्पना आहे, इतरांना नाही. गप्प माणसाला लोक साधा समजतात. मेहुणा मला घुम्या म्हणतो, तेही प्रेमाने. घुम्याच्या पोटात किती साठलेलं असतं याचा हिशोब त्याला नाही. त्याचंच घ्या. त्याच्या प्रत्येक विनोदाच्या वेळी मी मनात त्याचे वरचे चार दात काढून त्याच्या हातावर ठेवलेले आहेत. हे बोललो असेन का? तिची आई आमच्याकडे आजारी होती तेव्हा एका संध्याकाळी मला वाटलं होतं की आता संपावं हे, माझ्या खोलीत मला परत झोपता यावं. आणि ती त्याच आठवड्यात गेली. हे मी कुणाला, अगदी स्वतःलासुद्धा, शब्दांत सांगितलं नव्हतं. आधीच्या दवाखान्यात एक कारकून बाई होती, फोन घ्यायची. काही झालं नाही. ती जेवताना पुस्तक वाचायची आणि मी समोरच्या बाकावर जेवायचो, दोघंही गप्प, आणि दोनेक वर्षं मला वाटत होतं की माणसाचं लग्न खरं तर असल्या माणसाशी व्हायला हवं. मग ती नोकरी सोडून गेली. हे बोललो असेन, तर संपलंच. बायको हसली ते मेहुण्याच्या दातांवर, आणि रडली ती फोन घेणाऱ्या बाईवर. सगळं अगदी नीट बसत होतं. ओट्यावर समोर एका म्हाताऱ्याचा खालचा जबडा होता, पूर्ण बोडका. त्याच्याकडे बघत मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मग डॉक्टरबाईंना सांगितलं, बरं नाही, जातो. त्यांनी घड्याळाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. एका दमात मी इतके शब्द वापरले म्हणून असेल.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. इतक्या लवकर मी या रस्त्याने कधी जात नाही, त्यामुळे सगळे लोक वेगळेच होते. शाळेतून सुटलेल्या पोरांना ओढत नेणाऱ्या आया, टायरच्या दुकानापुढे पाण्याच्या पिंपात ट्यूब बुडवून बुडबुडे बघणारा माणूस, कापडाच्या दुकानात गज आपटत बोलणारा विक्रेता. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं असं माझी आई मला पाहून म्हणायची. सगळे बोलत होते. फोनवर, एकमेकांशी, एक बाई तर आपल्या कुत्र्याशी, आणि कुणालाही त्याचे कष्ट पडत नव्हते. आणि मला एक विलक्षण गोष्ट सुचली की मीही असा होतो. एक दुपारभर. माझंच तोंड, माझीच जीभ, माझे स्वतःचे दात, ते कुणीतरी वापरले होते आणि जाग्यावर ठेवून दिले होते. तो कोण होता? त्याने मला विचारलं नाही. जाताना काही ठेवूनही गेला नाही. चालता चालता मी दुकानाच्या काचेत स्वतःकडे पाहून ओठ हलवले. मग म्हटलं, करून तर बघू. आमच्या इमारतीच्या फाटकाशी वॉचमन खुर्ची टेकून बसतो, त्याला मी रोज मान हलवतो. आज थांबलो आणि म्हटलं, ‘काय, कसं काय? आज उकडतंय नाही?’ तो ताडकन उठून उभा राहिला. ‘काय झालं साहेब? घरी काही…?’ ‘काही नाही, काही नाही,’ मी म्हटलं आणि जिन्याकडे वळलो. लिफ्ट होती तरी जिन्याने चढलो. प्रत्येक मजल्यावर थांबून विचारायचा प्रश्न जुळवला, आणि आमच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यातला एकही शब्द जाग्यावर राहिला नाही.

मी किल्लीने दार उघडलं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून औषधांच्या गोळ्या लहान डब्यांत भरत होती, माझ्या. मागे झोपायच्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगावर बॅग पसरलेली दिसत होती, तिच्यात घड्या केलेले कपडे, लोकरीचेसुद्धा. आत्ता उन्हाळा होता. ‘लवकर आलात?’ ती म्हणाली. ‘बरं नाही का? डोकं?’ डोकं म्हणताना तिचा आवाज बदलला. मी नाही म्हटलं. समोर बसलो. नळ ठिबकत होता, तो मला आठवडाभर दुरुस्त करायचा होता. ‘आज ती मुलगी आली होती. गणिताची. दात तुटलाय तिचा.’ तिचे हात थांबले. ‘काय म्हणाली?’ ‘तू हसत होतीस म्हणाली. मग रडलीस.’ ती एक डबी बंद करून, उघडून, परत बंद करत राहिली. ‘काय बोललो मी तिथे?’ मी विचारलं. ‘जे काय बोललो असेन ते मी नव्हतो. डॉक्टर म्हणाला ना, सूज होती. वाईटसाईट काही निघालं असेल तर…’ इतकं मी एका वेळी कधी बोलत नाही; मला धाप लागली. तिने मान वर केली. ‘वाईट?’ ती म्हणाली. ‘वाईट बोलला असतात तर किती बरं झालं असतं हो. धावत जाऊन सांगितलं असतं मी.’

‘कुणाला?’

‘लीडरला. पहिल्याच मुक्कामाला त्याने आम्हाला सगळ्यांना गोल बसवून सांगितलं होतं. तुम्ही नव्हतात, तुम्ही तिकडे तिचा बूट शिवत बसला होतात. म्हणाला, वर हवा विरळ असते, ती डोक्यात जाते. ज्याचं होतं त्याला स्वतःला पत्ता नसतो. म्हणून ज्याने त्याने आपल्या माणसावर लक्ष ठेवायचं. चिडका माणूस गोड वागायला लागला, अबोल माणूस बडबडायला लागला, तर कौतुक करत बसू नका, मला येऊन सांगा, तेव्हाच्या तेव्हा. हेच शब्द होते त्याचे. कौतुक करत बसू नका.’ टेबलावरचा प्लास्टिकचा कपडा तिने तळहाताने सरळ केला, तो सरळच होता. ‘खिंड उतरताना तुम्ही माझा हात धरलात. मला वाटलं तोल गेला म्हणून. तर सोडलाच नाहीत. खाली तळ्यापर्यंत तसेच. बर्फाचे एवढाले तुकडे तरंगत होते, सगळे फोटो काढत होते, आणि तुम्ही बोलायला लागलात. माझ्या भावाची नक्कल केलीत. हुबेहूब हो! सगळी मंडळी गोळा झाली, पोट धरून हसत होती, रेडिओ लागला म्हणत होती. मग मंडळी पांगली आणि तुम्ही माझ्याशी बोलत राहिलात, हळू. आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या बाहीचं बटण तुटलं होतं आणि मी ते हाताने झाकत होते, ते तुम्ही बघितलं होतंत. आई गेली तेव्हा मी आंघोळीला जाऊन नळ सोडून रडायचे, तुम्ही दाराबाहेर उभे राहायचात. मला माहीतच नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं, इतकी वर्षं. मी तुम्हाला दगड समजत होते.’

‘मग?’

‘मग काय? मला कळलं होतं. हात सोडला नाहीत तेव्हाच कळलं होतं की हे तुम्ही नाही. हाकेच्या अंतरावर लीडर स्टोव्ह पेटवत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. म्हटलं, एवढं वाक्य होऊ दे. ते झालं की दुसरं. म्हटलं, हेही होऊ दे. उन्हं डोंगरामागे जाईपर्यंत मी तेच करत होते. तुम्ही उठायला गेलात आणि पाय एकात एक अडकून पडलात, तेव्हा कुठे मी ओरडले.’ तिचा चेहरा वेडावाकडा झाला, पण ती रडली नाही. ‘डॉक्टर खाली म्हणाले, दुपारीच का नाही आणलं? मी म्हटलं, लक्षात आलं नाही. नवऱ्याला मारायला निघाले होते मी. चार गोड शब्दांसाठी.’

मी स्वतःमध्ये राग शोधला. यायला हवा होता; बाईने मला जवळजवळ मारलं होतं. सापडला नाही. सापडला तो हेवा. एखाद्या माणसाचा मी जन्मात इतका हेवा केला नव्हता, मेहुण्याचासुद्धा नाही. माझी कानटोपी घालून, माझ्या बायकोचा हात धरून तो तिथे बसला होता, माझ्या पोटातलं चांगलंचुंगलं तेवढं निवडून त्याने तिला देऊन टाकलं होतं, आणि सकाळपर्यंत निघून गेला होता. वाईट ते सगळं माझ्याकडे तसंच होतं. दाराबाहेर उभा राहायचो मी, हो, राहायचो. टॉवेल द्यायला. निदान मला तसंच वाटत आलं होतं. ‘म्हणून जातेस का?’ मी विचारलं. ‘मी काही म्हणणार नाही त्याबद्दल. जिवंत आहे ना मी.’ ती हसली, किंवा तसं काहीतरी केलं. ‘तुम्ही काही म्हणणार नाही हे माहीत आहे मला. म्हणून नाही जात.’ तिने उरलेल्या गोळ्या शेवटच्या डबीत टाकल्या. ‘संध्याकाळी बेल वाजते ना, तेव्हा मला अजून वाटतं, तो आला. दरवेळी वाटतं. दार उघडते तर तुम्ही असता. तुमचा काही दोष नाही त्यात. पण रोजच्या रोज असं दार उघडवत नाही हो मला.’

बाहेर मुलं खेळत होती, कुणीतरी बाद झाल्यावरून वाद चालला होता. मी टेबलावरच्या गोळ्यांच्या डब्या एका ओळीत लावल्या. तिला जे मी दिलं असं ती म्हणत होती, त्यातलं मला काही परत बघायलाही मिळालं नव्हतं. ती म्हणाली, ‘एकच विचारते. खरं सांगाल? शेवटी शेवटी तुम्ही म्हणालात, संध्याकाळी तू इथे स्वयंपाकघरात असलीस की मी बाहेरच्या खोलीत दिवा लावत नाही. तुझ्याकडचा उजेड दारातून जमिनीवर येतो, तेवढा मला पुरतो. आणि मी जन्मभर तुमच्यावर ओरडत आले, घुबडासारखे अंधारात काय बसता म्हणून.’ तिने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी बघावी तशी. ‘खरं होतं का ते? की ती सूज बोलत होती?’

दिवसभर तेजाळ दिव्याखाली बारीक काम केल्यावर माझ्या डोळ्यांची आग आग होते. म्हणून मी घरी आल्यावर दिवा लावत नाही. इतकी साधी गोष्ट आहे. पण ती बोलत असतानाच मला जमिनीवर पडलेली उजेडाची ती लांबट पट्टी दिसली, तिच्यातून इकडून तिकडे जाणारी सावली दिसली, भांड्याचा आवाज, आणि खुर्चीत मी, पाय त्या पट्टीच्या काठाशी. इतकी स्वच्छ दिसली की हात लावावा. ही मला आठवत होती, की तिने आत्ता सांगितल्यामुळे दिसत होती? मी डोळे मिटून तिच्या मागे आणखी एखादी संध्याकाळ सापडते का ते बघत राहिलो, जुनी, लेक लहान असतानाची, चालली असती कुठलीही. तिची बोटं मनगटावर होती. ती थांबली होती. इतकं कुणी माझ्यासाठी कधी थांबलं नसेल.

‘खरं होतं,’ मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने बोटं काढून घेतली. ‘तुम्हाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही हो,’ ती म्हणाली. रागाने नाही, लेकीच्या केसांत हात फिरवताना तिचा आवाज असा व्हायचा. मला सांगायचं होतं की थांब, खोटंच आहे असं मलाही ठाऊक नाही. पण हे वाक्य लांब होतं, आणि मी ते जुळवेपर्यंत ती उठून आत गेली होती. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा. मग बॅगेची चेन. ती अर्ध्यावर येऊन अडली. तिने मागे घेतली, पुन्हा ओढली, पुन्हा तिथेच. ती जोर लावत होती, आता दाते तुटले असते. मी फळीवरची मेणबत्ती घेतली आणि आत गेलो. तिला बाजूला सरायला सांगून चेनीच्या दोन्ही कडांवरून मेण नीट घासलं, अडकलेला धागा नखाने काढला. ‘तू वरून दाब,’ मी म्हटलं. तिने दोन्ही हातांनी दाबलं. मी चेन ओढली आणि ती कुठेही न अडता शेवटपर्यंत गेली.